छोट्या गाडीला नवा एअर इनटेक: आधी मोजा, मग घ्या

माझ्या पहिल्या हॅचबॅकचा कंपनीचा एअर इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पोचवणारा फिल्टरचा डबा आणि पाइप, काढून मी उघडा, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर बसवला, तेव्हा महिनाभर गाडी उडतेय असंच वाटत होतं. पाय दाबला की बॉनेटखालून असा काही घोगरा श्वास यायचा की पाठ सीटला चिकटल्याचा भास व्हायचा. मग एकदा मित्र शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसला. तिसऱ्या गियरमध्ये ४० वरून ८० वर जायला जुन्या डब्याला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच नव्या कोनला लागला. गर्दीत दहा मिनिटं रखडल्यावर लगेच घेतलेल्या फेरीत तर अर्धा सेकंद जास्तच. मी ताकद घ्यायला गेलो होतो आणि आवाज घेऊन आलो होतो.

आवाजासाठी इनटेक घेणं यात गैर काही नाही. फक्त आपण काय घेतोय ते आधी कळलेलं बरं. म्हणून खालच्या पायऱ्यांपैकी पहिल्या तीन खरेदीच्या आधीच्या आहेत, आणि नवे लोक नेमक्या त्याच गाळतात.

पायरी १: बॉनेट उघडा आणि हवेची वाट शोधा

थ्रॉटल बॉडीपासून (इंजिनाच्या तोंडाशी असलेली, अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारी झडप) मागे मागे जात पुढच्या टोकापर्यंत हात फिरवा. थ्रॉटल बॉडीला जोडलेला घड्या-घड्यांचा रबरी पाइप, त्याच्या आधी (असल्यास) हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर, मग फिल्टरचा डबा, आणि डब्यातून पुढे निघालेली प्लास्टिकची सोंड. या सोंडेचं तोंड कुठे उघडतं ते नीट बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत ते हेडलाइटच्या मागे किंवा ग्रिलच्या वरच्या कडेला असतं, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेपासून लांब, बाहेरच्या हवेत. ‘कोल्ड एअर इनटेक’ या नावाने जे विकलं जातं, त्यातलं निम्मं काम कंपनीने आधीच करून ठेवलेलं असतं.

वाटेत एखादा बंद डबा पाइपला चिकटलेला दिसेल. आत रिकामा, पुढे वाट नाही. तो रेझोनेटर. त्यातून हवा आरपार जात नाही. ठरावीक कंपनाचा आवाज मारण्यासाठी तो ठेवलेला असतो. ‘ही कंपनीने घातलेली अडचण आहे, काढून टाका’ असा सल्ला मिळतो. काढला तर आवाज नक्की वाढेल. ताकद वाढेलच असं नाही, कधी मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या) थोडी कमीही होते.

रबरी पाइपला बाजूने येणारी एक बोटभर जाडीची नळी असते. ती इंजिनाच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ परत हवेच्या वाटेत सोडणारी. ती लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

आता थोडा हिशोब. १.२ लिटरचं चार स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला फिरतं तेव्हा प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा भरतो, म्हणजे मिनिटाला जास्तीत जास्त ३६०० लिटर हवा. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, तेव्हा ३००० च्या आसपास धरा. एक किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलमागे ती जवळजवळ ९००० लिटर भरते. एवढ्या हवेतली धूळ त्या एका फिल्टरने अडवायची असते.

पायरी २: गाडीचा दम खरंच कोंडतोय का, ते मोजा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. दीड-दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी बांधा, निम्मी रंगीत पाण्याने भरा. एक टोक उघडं ठेवा. दुसरं टोक फिल्टर आणि थ्रॉटलच्या मधल्या जागी जोडायचं. सर्वांत सोपी जागा म्हणजे मघाची ब्रीदरची नळी, तिच्यात टी-जोड घालून. नळीचे दोन्ही पाय किमान साठ सेंटिमीटर उंच हवेत, नाहीतर पाणी ओढलं जाऊन थेट इंजिनात जाईल. टर्बो गाडीला पाण्याची नळी लावूच नका, तिथे ओढ जास्त असू शकते. साधा व्हॅक्यूम गेज वापरा.

रिकाम्या, सुरक्षित रस्त्यावर दुसऱ्या गियरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून रेडलाइनच्या (आरपीएमच्या काट्यावरच्या लाल पट्ट्याच्या) जवळ न्या. नळीकडे शेजारच्याने बघायचं. चालवणाऱ्याने रस्त्यावरची नजर काढायची नाही. दोन्ही पायांतल्या पाण्याच्या पातळीत किती सेंटिमीटर फरक पडला ते लिहून ठेवा.

दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण १ किलोपास्कल, आणि समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो सुमारे १०० किलोपास्कल. म्हणजे दर दहा सेंटिमीटरला एक टक्का हवा हातची जाते. तुमचा आकडा २० आला, तर जगातला सर्वांत भारी इनटेक लावून अडथळा शून्यावर आणला तरी फायदा दोन टक्क्यांच्या घरात. ८५ हॉर्सपॉवरच्या गाडीला पावणेदोन. आणि शून्य अडथळ्याचा फिल्टर कुणी बनवत नाही, कारण तो फिल्टर राहणारच नाही.

आकडा ४० च्या पुढे गेला, तर नवा इनटेक बघण्याआधी डबा उघडा. फिल्टर मातीने भरलेला असेल, सोंडेत सुकी पानं असतील, उंदराने घरटं केलं असेल. मी एका गाडीच्या सोंडेतून मूठभर कापूस आणि सीटच्या स्पंजचे तुकडे काढलेत. त्या गाडीचा मालक मोठ्या पाइपच्या किमती काढत बसला होता.

अजून एक बारकावा, हौस असेल तर. तीच नळी फिल्टरच्या आधी, म्हणजे सोंडेच्या बाजूला, डब्याला बारीक भोक पाडून जोडा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक हा फिल्टरचा वाटा, उरलेला सोंडेचा. माझ्या गाडीत निम्म्याहून जास्त वाटा सोंडेचा निघाला. मग नुसता ‘हाय फ्लो’ फिल्टर घालून काय साधणार होतं? (भोक नंतर रबरी बुचाने बंद करा. विसरू नका.)

पायरी ३: आत जाणारी हवा किती गरम आहे?

ओबीडीच्या, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये लावायचा ब्लूटूथवाला स्कॅनर मिळतो, तो मोबाइलला जोडा. त्यात ‘इनटेक एअर टेंपरेचर’ नावाचा आकडा दिसतो. तीन वेळा टिपायचा: मोकळ्या रस्त्यावर ८० च्या वेगाने पाच मिनिटं चालल्यावर, दहा मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवल्यावर, आणि तिथून निघून एक किलोमीटर गेल्यावर. शेजारी बाहेरचं तापमानही लिहा.

हवा तापली की विरळ होते. ३० अंशांची हवा ६० ची झाली, तर तिची घनता नऊ टक्क्यांनी घटते. मघाचा दोन टक्क्यांचा फायदा यापुढे ठेवून बघा. शिवाय हवा गरम दिसली की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी भडकण्याच्या) भीतीने इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, तो तोटा वेगळाच. माझा कोन फिल्टर गर्दीनंतर मंद का पडला, याचं उत्तर मला स्टॉपवॉचनंतर बऱ्याच दिवसांनी या आकड्यात मिळालं: बाहेर ३१, आत ६४.

इथे एक फसगत होऊ शकते. काही गाड्यांत हा सेन्सर फिल्टरजवळ, फ्लो सेन्सरच्याच अंगात असतो. काहींत थेट मॅनिफोल्डवर, म्हणजे थ्रॉटलनंतर सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागावर. मॅनिफोल्डवरचा सेन्सर स्वतःच तापतो, त्यामुळे आकडा वर दिसतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. आपलीच गाडी, आधी आणि नंतर, एवढीच तुलना खरी.

पायरी ४: गाडी हवा कशी मोजते?

निवडीत सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे. पेट्रोल किती टाकायचं हे ठरवायला ईसीयूला आत आलेली हवा माहीत असावी लागते. त्याचे दोन मार्ग आहेत. एक, पाइपमध्ये बसवलेला एअर फ्लो सेन्सर, ज्याला गॅरेजमध्ये मॅफ म्हणतात. दुसरा, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर. तो दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा हिशोब करतो. अनेक साध्या छोट्या गाड्यांत मॅपच असतो. फिल्टरच्या डब्यानंतर पाइपमध्ये वायर लागलेला सेन्सर दिसला आणि त्याच्या कनेक्टरला चार-पाच तारा असल्या, तर बहुतेक तो मॅफ. दोनच तारा असतील, तर नुसता तापमानाचा सेन्सर.

मॅफची तार वाहत्या हवेने थंड होते आणि त्यावरून प्रवाह ठरतो. पण तार पाइपच्या मधल्या एका चिमूटभर जागेतलाच वेग बघते. उरलेल्या पाइपचा हिशोब ईसीयूला कंपनीने शिकवलेला असतो, त्या विशिष्ट व्यासासाठी. मूळ पाइप ६० मिलिमीटरचा असेल आणि तुम्ही ७० चा लावला, तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढलं. तेवढीच हवा आता सावकाश वाहते, सेन्सरला कमी वाटते, ईसीयू पेट्रोल कमी टाकतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर ते पाहून सावरायला बघतो, पण एवढी मोठी तफावत त्याच्या आवाक्याबाहेर जाते. मग चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०१७१ येतो: मिश्रण पातळ. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर तर बऱ्याच गाड्या ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाहीत. तेव्हा पातळ मिश्रणावर जोरात पळणारं इंजिन म्हणजे पिस्टनशी खेळ.

म्हणून मॅफ असलेल्या गाडीला युनिव्हर्सल पाइप घेऊ नका, एवढं ठाम सांगतो. किट तुमच्या मॉडेलचं, तुमच्या इंजिनाचं आणि तुमच्या वर्षाचंच हवं. सेन्सर बसतो त्या जागेचा आतला व्यास मूळ पाइपएवढाच हवा, कॅलिपरने मोजून घ्या. सेन्सरच्या आधी थोडी सरळ लांबी हवी, वळणाला चिकटून सेन्सर असला तर आकडे थरथरतात. मूळ पाइपमध्ये सेन्सरच्या तोंडाशी जाळी असेल तर ती प्रवाह सरळ करण्यासाठी असते, ‘अडथळा’ म्हणून उपटू नका.

मॅपवाल्यांना ही काळजी नाही; पाइप जाड केला तरी हिशोब चुकत नाही. त्यांनी फक्त तापमानाच्या सेन्सरला नव्या पाइपमध्ये जागा आहे ना, ते बघायचं.

आत्ताच, जुना डबा असतानाच, स्कॅनरवर ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’चा आकडा (ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय) टिपून ठेवा. शून्याच्या पाचेक टक्के इकडेतिकडे असेल तर तब्येत ठीक. दहाच्या पलीकडे असेल तर आधीच कुठेतरी गळती आहे किंवा सेन्सर मळलाय. ते निस्तरल्याशिवाय नवीन काही लावू नका, नाहीतर नंतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

पायरी ५: चारांपैकी एक निवडा

जुन्याच डब्यात बसणारा बदली पॅनल फिल्टर. सोंड तशीच, सेन्सर तसाच, गार हवाही तशीच. पाच मिनिटांत बसतो, पाच मिनिटांत निघतो. ताकदीत फरक जाणवण्याइतका पडत नाही, हे आधीच मान्य करा. पण नव्या माणसाने सुरुवात इथूनच करावी असं माझं मत आहे. तुमचा पाण्याचा आकडा २५ च्या आत असेल, तर बहुतेक वेळा इथेच थांबायलाही हरकत नाही.

शॉर्ट रॅम, म्हणजे आखूड पाइप आणि टोकाला उघडा कोन, बॉनेटच्या आतच. माझी पहिली खरेदी हीच. स्वस्त, सोपा, आवाज भरपूर. आणि ओढतो तो रेडिएटरवरून आलेली गरम हवा. धावत्या गाडीत थोडा सावरतो, गर्दीत पार ढेपाळतो. सोबत पत्र्याचा हीट शील्ड येतो, पण त्याला वरून बॉनेटला टेकणारी रबरी पट्टी नसेल तर तो शोभेचाच.

लांब पाइपचा कोल्ड एअर, ज्यात कोन खाली बंपरच्या मागे किंवा चाकाच्या आतल्या पोकळीत जातो. हवा खरोखर गार मिळते. पण फिल्टर रस्त्यापासून वीतभर उंचीवर येतो. साचलेल्या पाण्यात तो बुडाला तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही. वर येणारा पिस्टन त्याला थडकतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन जागच्या जागी बंद. याला हायड्रोलॉक म्हणतात आणि तो एका खोल डबक्यानेही होऊ शकतो. पाइपमध्ये घालायचा बायपास व्हॉल्व्ह मिळतो, तो फिल्टर बुडाल्यावर वरून हवा घेतो. असलेला बरा, पण त्याच्या भरवशावर पाण्यात गाडी घालणं शहाणपणाचं नाही. तुमच्या रस्त्यांवर पाणी साचत असेल तर हा प्रकार नकोच.

चौथा, बंद डब्याचा इनटेक. मोठा कोन पूर्ण झाकलेल्या डब्यात, डब्याला मूळ सोंडेच्या जागीच पण रुंद तोंडाची सोंड. चारांत महाग हाच, आणि ज्यांचा पाण्याचा आकडा खरंच मोठा आहे किंवा ज्यांची गाडी टर्बो आहे, त्यांना काही मिळालंच तर यातूनच मिळेल. ईसीयूचं ट्यूनिंग बदलून ताकद वाढवलेल्या टर्बो गाडीत हवेची मागणीही वाढते, तिथे मोकळ्या वाटेला अर्थ असतो. मात्र टर्बोचा कंप्रेसर मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्या घेऊ शकतो. सैल क्लॅम्पचा तुकडा किंवा फिल्टरचा धागा आत गेला की पाती संपली. तिथे स्वस्ताई करू नका.

पाइप अ‍ॅल्युमिनियमचा की प्लास्टिकचा, यावर लोक तासन्तास भांडतात. हिशोब करून बघा: सेकंदाला ५० लिटर हवा ६५ मिलिमीटरच्या पाइपमधून जाताना १५ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. साठ सेंटिमीटर पाइप ती ०.०४ सेकंदात ओलांडते. एवढ्यात ती किती तापणार? हवा कुठून घेतली हे महत्त्वाचं, कशातून नेली हे नाही. गर्दीत सावकाश चालताना प्लास्टिक थोडं बरं, एवढंच.

इनटेकच्या शेजारीच दुकानात दोन खेळणी दिसतात. एक, पाइपमध्ये हवा गोल फिरवणारी पंख्याची चकती. ती म्हणजे विकत घेतलेला अडथळा. दुसरं, बारा व्होल्टचा ‘इलेक्ट्रिक टर्बो’. सेकंदाला ५० लिटर हवेचा दाब ०.३ बारने वाढवायला, तोटा न धरताही जवळपास दीड किलोवॅट लागतात, म्हणजे १२ व्होल्टला सव्वाशे अँपिअर. त्या खेळण्याच्या बारीक तारेतून ते येणार नाहीत.

पायरी ६: कापड, कागद की फोम

फिल्टरची तपासणी आयएसओ ५०११ या मानकाने होते. त्यात तीन गोष्टी बघतात: अडथळा किती, धूळ अडवण्याची क्षमता किती, आणि भरेपर्यंत किती धूळ पोटात घेतो. जाहिरातीत पहिलीच छापतात. दुसरीचा आकडा मागा.

आणि तो आकडा उलटा वाचा. ९९ टक्के अडवणारा आणि ९८ टक्के अडवणारा, यांत फरक एकाचा वाटतो. पण पहिल्यातून शंभरातला एक कण जातो, दुसऱ्यातून दोन. इंजिनात जाणारी धूळ दुप्पट झाली. ही धूळ बरीचशी सिलिकाची, म्हणजे काचेची सख्खी बहीण. पिस्टन रिंग आणि सिलिंडरच्या मध्ये ती पॉलिश पेपरसारखी काम करते, आणि आज नाही तर पन्नास हजार किलोमीटरनंतर ऑइल पिणारं इंजिन हातात देते.

कंपनीचा घड्यांचा कागद धूळ अडवायला उत्तम आहे, त्याला उगाच जुनाट म्हणू नका. त्याची गंमत अशी की थोडा मळल्यावर तो आणखी बारीक धूळ अडवतो, कारण साचलेली धूळच गाळणी होते. सारखा उघडून झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तेल लावलेलं सुती कापड हवा मोकळी सोडतं, धुऊन परत वापरता येतं. पण तेल जास्त झालं तर ते उडून मॅफच्या तारेवर बसतं आणि वर सांगितलेला सगळा गोंधळ सुरू होतो. फोम भरपूर धूळ पोटात घेतो, पण जुना झाला की त्याचा चुरा होतो आणि तो आतच जातो. कोरडे सिंथेटिक फिल्टर धुता येतात, तेल लागत नाही. मॅफच्या गाडीला काही वेगळं लावायचंच असेल तर मी हेच सुचवेन. धुळीच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने मात्र कागद सोडू नये.

अ‍ॅव्हरेज वाढेल का, हा प्रश्न येणारच. पेट्रोल गाडीत नाही. रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडप अर्धीसुद्धा उघडी नसते. सर्वांत मोठा अडथळा तीच असते. नळ अर्धा बंद ठेवून मागचा पाइप जाड करण्यासारखं आहे ते. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर मुद्दाम कोंडून बघितले. इंधनाच्या खर्चात लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. कोंडलेल्या फिल्टरने जिथे अ‍ॅव्हरेज घटत नाही, तिथे मोकळ्याने वाढणार कुठून?

पायरी ७: जाहिरातीतला आलेख

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख दाखवला तर तीन गोष्टी विचारा. आधीची आणि नंतरची फेरी एकाच दिवशी, एकाच यंत्रावर घेतली का? बॉनेट उघडं होतं का? उघड्या बॉनेटसमोर मोठा पंखा लावला की शॉर्ट रॅमलाही गार हवा मिळते, रस्त्यावर तशी कोण देणार? आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? ७० पासून सुरू केलेल्या अक्षावर दोन हॉर्सपॉवर डोंगराएवढे दिसतात. त्याच यंत्रावर तीच गाडी लागोपाठ दोनदा चढवली तरी एक-दोन टक्के इकडेतिकडे होतात, हेही जाता जाता सांगतो.

नियमांचंही बघून घ्या. काही ठिकाणी इनटेकला स्वतंत्र मान्यता लागते. कॅलिफोर्नियात तिथल्या हवा मंडळाच्या सवलतीचा क्रमांक भागावर स्टिकरने लावलेला असतो. तुमच्याकडे तपासणीत काय चालतं आणि वॉरंटीचं काय होतं, हे लेखी विचारा.

पायरी ८: बसवणं

इंजिन गार असताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सुटं करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, एकेका जोडाचे. जुना पाइप निघाला की थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा; एक स्क्रू आत पडला तर काय होईल याचा विचार नंतर करण्यात अर्थ नाही.

सेन्सर काढताना त्याच्या तारेला बोट लावायचं नाही. परत बसवताना त्यावरचा बाण इंजिनाकडे. ब्रीदरची नळी नव्या पाइपच्या निपलला जोडा. तिच्या टोकाला छोटा वेगळा फिल्टर लावून मोकळी सोडण्याची फॅशन आहे. त्याने तेलाची वाफ बॉनेटखाली पसरते, आणि मॅफच्या गाडीत न मोजलेली हवा आत शिरते.

सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा, पाइप फिरवून सगळीकडे जागा बघा, मग आवळा. इंजिन माउंटवर हलतं, थ्रॉटल दिला की बरंच झुकतं. पाइप आणि बाकी वस्तूंत बोटभर अंतर हवं, नाहीतर महिन्याभरात बॅटरीच्या कडेने त्यावर चर पडेल. सिलिकॉनचा जोड पाइपवर दोन-अडीच सेंटिमीटर तरी चढलेला हवा. क्लॅम्प कडेपासून जरा आत. बळ लावून आवळू नका. सिलिकॉन चिरून बाहेर आलं तर तो जोड गेला. शेवटी बॉनेट सावकाश टेकवून बघा, आपटून नाही.

गाडी सुरू केल्यावर आयडल, म्हणजे पाय न दाबता इंजिन फिरतं तो वेग, थोडा वेळ वरखाली होईल. बॅटरी काढल्यामुळे ईसीयू पुन्हा शिकतोय. दहा मिनिटं तशीच चालू द्या, मग साधी चालवा. दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर लाँग टर्म ट्रिम परत बघा आणि जुन्या आकड्याशेजारी लिहा. मॅफच्या गाडीत तो पाच-सात टक्क्यांनी वर गेला असेल तर सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधला एखादा जोड हवा ओढतोय. तापमानाचे तीन आकडे आणि पाण्याच्या नळीचा आकडाही पुन्हा घ्या. जुन्यापेक्षा पाण्याचा आकडा खाली आणि तापमान वर नाही, असं असेल तरच ताकदीच्या नावाने पैसे सत्कारणी लागले.

पायरी ९: पांढरं फडकं

हजार किलोमीटर झाले की फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या पाइपच्या, म्हणजे स्वच्छ बाजूच्या, आत पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून फिरवा. फडकं स्वच्छ निघायला हवं. तेलाचा पुसट पिवळा डाग ब्रीदरचा किंवा फिल्टरच्या तेलाचा असतो, तो चालेल. पण करडी, बोटांत चुरचुरणारी रेघ आली तर ती कुठे आहे ते बघा. एकाच बाजूला, फिल्टरच्या तोंडापासून निघालेली असेल, तर फिल्टर पाइपवर नीट बसलेला नाही. क्लॅम्प सोडून परत बसवा, आतून धूळ पुसा आणि आणखी पाचशे किलोमीटरांनी बघा. सगळीकडे सारखा थर असेल, तर धूळ फिल्टरमधूनच आरपार येतेय. त्या दिवशी माळ्यावर ठेवलेला कंपनीचा डबा खाली काढा, नवा कागदी फिल्टर घाला आणि बसवून टाका. डबा भंगारात दिलेला नसला म्हणजे झालं.